न्यू ऑर्लिन्समध्ये क्रिओल आणि केजन जेवण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ह्यूस्टन-डॅलसकडची मराठी मंडळी लाँग वीकेंडला न्यू ऑर्लिन्सला निघाली, किंवा भारतातून आलेल्या आई-बाबांना घेऊन कुणी तिकडे जायचं ठरवलं, की फिरून फिरून तेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. भाव आणि उघडण्याच्या वेळा बदलत असतात, त्या निघण्याआधी बघून घ्या. बाकी मतं माझी आहेत, पटली नाहीत तर सोडून द्या.

क्रिओल आणि केजन, दोन्ही एकच ना?

नाही. क्रिओल हे शहरातलं जेवण, केजन हे गावाकडचं.

न्यू ऑर्लिन्स फ्रेंचांनी १७१८ मध्ये वसवलं. पुढे काही दशकं स्पॅनिश राजवट आली आणि १८०३ मध्ये सगळा मुलूख अमेरिकेने विकत घेतला. या काळात शहरातल्या मोठ्या घरांच्या स्वयंपाकघरात प्रत्यक्ष हात चालत होते ते बहुतेक आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या बायकांचे. फ्रेंच सॉस, स्पॅनिश भाताचे प्रकार, आफ्रिकेतून आलेली भेंडी, स्थानिक चॉक्टॉ लोकांची सॅसाफ्रासच्या पानांची पूड आणि नंतर आलेल्या सिसिलियन लोकांचा टोमॅटोचा सोस, हे सगळं त्या चुलींवर एकत्र आलं. त्यात लोणी, क्रीम, टोमॅटो आणि समुद्रातली मासळी भरपूर.

केजन लोकांची गोष्ट वेगळी. कॅनडातल्या अकेडिया भागात, म्हणजे आजच्या नोव्हा स्कोशियाच्या आसपास, राहणाऱ्या फ्रेंचभाषक शेतकऱ्यांना ब्रिटिशांनी १७५५ पासून हुसकून लावलं. त्यातले बरेच जण फिरत फिरत लुइझियानाच्या दलदलीत आणि गवताळ माळावर येऊन स्थिरावले. डुक्कर, शिकार, गोड्या पाण्यातले क्रॉफिश (छोट्या लॉब्स्टरसारखे), भात आणि एकच मोठं भांडं, हा त्यांचा स्वयंपाक. पैसा कमी होता, त्यामुळे डुकराचं काहीच वाया जात नसे.

ओळखायची एक ढोबळ खूण सांगते: जंबलाया (मांस-मासळी घालून केलेला भात) लालसर, टोमॅटो घातलेला असेल तर क्रिओल, तपकिरी, भांड्याच्या तळाला मांस खरपूस करून केलेला असेल तर केजन. कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची हे त्रिकूट मात्र दोन्हीकडे आहे. तिथले लोक त्याला ‘होली ट्रिनिटी’ म्हणतात. आणि आजकाल एकाच घरात दोन्ही शिजतं, तेव्हा फार सोवळं पाळू नका.

मग न्यू ऑर्लिन्समध्ये खरं केजन मिळतच नाही का?

मिळतं, पण शोधावं लागतं. बूर्बन स्ट्रीटवर दर दहा पावलांवर ‘केजन’ लिहिलेली पाटी दिसेल. तिथे बहुतेक वेळा तळलेल्या कोळंबीवर लाल मसाला भुरभुरून देतात. ते पोटभरीचं असतं, पण त्यासाठी एवढ्या लांब यायला नको.

शहरात केजनची हवा केली ती पॉल प्रूडोम यांनी. ऑपलूससजवळच्या शेतकरी कुटुंबातले हे शेफ १९७५ च्या सुमारास कमांडर्स पॅलेस या शहरातल्या जुन्या रेस्टॉरंटमध्ये आले आणि १९७९ मध्ये त्यांनी केपॉल्स नावाचं स्वतःचं रेस्टॉरंट काढलं. लोण्यात बुडवून, मसाला थापून, तापून लाल झालेल्या बिडाच्या तव्यावर काळा केलेला रेडफिश त्यांनी इतका लोकप्रिय केला की गल्फमधला, म्हणजे मेक्सिकोच्या आखातातला, रेडफिश कमी व्हायला लागला आणि शेवटी सरकारला त्याच्या व्यापारी मासेमारीवर बंधनं आणावी लागली. प्रूडोम २०१५ मध्ये वारले, केपॉल्स २०२० मध्ये बंद झालं.

आता केजनसाठी माझी पहिली पसंती वेअरहाउस डिस्ट्रिक्टमधल्या ‘कोशों’ला. तिथे डुकराचं मांस तास न् तास शिजवून, सलगम आणि कोबीबरोबर, वर कुरकुरीत क्रॅकलिन (डुकराच्या कातडीचे तळलेले तुकडे) घालून येतं. मिड-सिटीतलं ‘टूप्स मीटरी’ही चांगलं. ‘मॉस्किटो सपर क्लब’मध्ये बायूकडचं (दलदलीतल्या संथ ओढ्यांच्या भागातलं) घरगुती जेवण मिळतं, पण तिथे आधी बुकिंग हवंच.

खूप तिखट असतं का?

आपल्या जिभेला नाही. कोल्हापूरकराला तर हसू येईल. काळी मिरी, पांढरी मिरी, कायेन (लाल मिरचीची पूड), थाइम, लसूण असा मसाला असतो. चव खोल असते, झणका कमी. टेबलावर टबॅस्को किंवा क्रिस्टल या हॉट सॉसची बाटली असतेच. मात्र आधी चाखा, मग ओता. उकडलेल्या क्रॉफिशचा अपवाद: त्याच्या पाण्यात कायेन मोकळ्या हाताने घातलेली असते आणि ती ओठांना चांगलीच लागते.

आमच्याकडे दोनच दिवस आहेत. कुठे खावं?

दिवसातलं एक जेवण तरी फ्रेंच क्वार्टरच्या, म्हणजे पर्यटकांनी गजबजलेल्या जुन्या शहराच्या, बाहेर करा, एवढा नियम पाळलात तर ट्रिप फुकट जाणार नाही.

पहिल्या दिवशी सकाळी लवकर कॅफे दु मोंदमध्ये बेन्ये (पिठीसाखर घातलेले तळलेले गोड पाव) आणि कॉफी. दुपारी ट्रेमेमध्ये डूकी चेस. संध्याकाळी क्वार्टरमध्ये पायी भटका, एखाद्या काउंटरवर उभं राहून भाजलेले ऑयस्टर खा आणि रात्री हलकं काहीतरी. दुसऱ्या दिवशी दुपारचं जेवण गार्डन डिस्ट्रिक्टमध्ये कमांडर्स पॅलेसला. तिथे जायला सेंट चार्ल्स स्ट्रीटकार (ट्राम) घ्या, भाडं सव्वा डॉलर. ही मार्गिका १८३५ पासून चालू आहे. लाकडी बाक, उघड्या खिडक्या, दोन्ही बाजूंना ओकची मोठाली झाडं; जेवण जिरवायलाही परतीचा प्रवास बरा पडतो. संध्याकाळी बायू सेंट जॉनजवळ पार्कवे बेकरीत पो-बॉय (लांब पावाचं सँडविच) घ्या, पण ती लवकर बंद होते आणि आठवड्यातून एखाद-दुसरा दिवस उघडतच नाही, हे आधी बघा.

सोमवार हाती लागला तर रेड बीन्स अँड राइस चुकवू नका. सोमवार हा तिथे कपडे धुण्याचा दिवस असे. रविवारच्या हॅमचं उरलेलं हाड टाकून बीन्स मंद आचेवर चढवायच्या आणि दिवसभर कपडे धुवायचे. संध्याकाळपर्यंत पातेल्यात दाट, मऊ बीन्स तयार. वॉशिंग मशिनं आली तरी सोमवार गेला नाही.

जुन्या नावाजलेल्या रेस्टॉरंटपैकी एकच निवडायचं असेल तर?

कमांडर्स पॅलेस, आणि तेही मधल्या वारी दुपारी. निळ्या-हिरव्या रंगाची ही वास्तू एकोणिसाव्या शतकापासून तिथे आहे, आणि इथल्या स्वयंपाकघरातून प्रूडोम आणि त्यांच्यानंतर एमरिल लगॅस असे दोघे शेफ पुढे आले. दुपारचं ठरावीक जेवण रात्रीच्या मानाने बरंच स्वस्त पडतं. पंचवीस सेंटची मार्टिनीही दुपारीच मिळते, पण माणशी तीनच. ब्रेड पुडिंग सुफ्ले जेवण मागवतानाच सांगून ठेवा, करायला वेळ लागतो. वेटर त्यावर भोक पाडून व्हिस्की सॉस ओततो आणि फुगलेला सुफ्ले हळूच खाली बसतो. टर्टल सूप हे तिथलं नाव झालेलं सूप, पण त्यात बहुधा वासराचं मांसही असतं. चालत नसेल तर विचारा.

इतिहासाची आवड असेल तर अँत्वान्स, १८४० पासून एकाच घराण्याकडे. ऑयस्टर रॉकफेलर इथे १८९९ मध्ये जन्मला आणि मूळ कृती आजही कुणाला सांगत नाहीत. पालक नाही एवढंच ते सांगतात, आणि जगभर मात्र हा पदार्थ पालक घालूनच करतात. जेवण मला ठीक वाटतं. मागची दालनं आणि मार्डी ग्रा या ईस्टरपूर्व उपवासाआधीच्या उत्सवातले राजवस्त्रांचे फोटो बघण्यासारखे.

गालात्वाज, १९०५ चं, हे शुक्रवारच्या दुपारसाठी. स्थानिक प्रतिष्ठित मंडळी जी अकराच्या सुमारास आत शिरतात, ती अंधार पडेपर्यंत उठत नाहीत. वाढदिवसाची गाणी, टेबलाटेबलांवरून गप्पा, उंच टोप्या. संध्याकाळी आणि रविवारी पुरुषांना जॅकेट लागतं. बाबांना जॅकेट घालून घाम गाळायचा नसेल तर दुपारी जा.

रॉयल स्ट्रीटवरचं ब्रेनन्स नाश्त्यासाठी प्रसिद्ध आहे. केळी, ब्राउन शुगर, लोणी आणि रम टेबलाशेजारी पेटवून करायचं बनानाज फॉस्टर १९५१ मध्ये ब्रेनन्सनेच पहिल्यांदा केलं. मुलांना आवडतं. मोठ्यांना बिल कमी आवडतं.

डूकी चेसचं नाव सगळे एवढं का घेतात?

कारण शहराचा अर्धा इतिहास त्या घरात जेवून गेला. १९४१ मध्ये सँडविच आणि लॉटरीच्या तिकिटांचं छोटं दुकान म्हणून सुरुवात झाली. लिआ चेस सून म्हणून आल्या आणि त्यांनी त्याचं रीतसर रेस्टॉरंट केलं: पांढरे टेबलक्लॉथ, भिंतींवर कृष्णवर्णीय चित्रकारांची चित्रं. त्या काळी कृष्णवर्णीयांना शहरातल्या मोठ्या रेस्टॉरंटमध्ये बसू देत नसत आणि गोऱ्या-काळ्यांनी एकत्र बसून जेवणं बेकायदा होतं. डूकी चेसच्या माडीवर मात्र नागरी हक्क चळवळीची दोन्ही वर्णांची माणसं एकत्र बसून गंबो (भाताबरोबरचा दाट रस्सा) खात आणि पुढची आखणी करत. मार्टिन ल्यूथर किंग इथे आले, बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध प्रवास करणारे फ्रीडम रायडर्स आले. पोलिसांना माहीत होतं, पण या जागेला हात लावला तर गाव पेटेल हेही माहीत होतं.

२००५ मध्ये कॅटरिना वादळाच्या पुरात सगळं पाण्याखाली गेलं. दोन वर्षांनी पुन्हा सुरू झालं तेव्हा लिआबाई चौऱ्याऐंशीच्या होत्या आणि तरीही भटारखान्यात होत्या. बराक ओबामांनी न चाखताच गंबोत हॉट सॉस ओतला, तेव्हा त्यांना लिआबाईंची बोलणी खावी लागली होती. २०१९ मध्ये त्या गेल्या. आता पुढच्या पिढ्या चालवतात.

तिथे फ्राइड चिकन आणि क्रिओल गंबो घ्या. पवित्र गुरुवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, गंबो झेर्ब मिळतो: नवाएक प्रकारच्या पालेभाज्या एकत्र शिजवलेला हिरवा गंबो. त्या दिवसासाठी लोक आधीपासून जागा धरतात.

गंबो कुठला मागवावा?

प्रश्न बरोबर आहे, कारण गंबो एक नाही. सीफूड गंबोत कोळंबी, खेकडा, ऑयस्टर आणि बहुधा भेंडी असते. चिकन-आंदुई गंबोत धुरी दिलेलं डुकराचं सॉसेज असतं आणि रंग गडद असतो. दाटपणा भेंडीने येतो, ‘रू’ने (तेलात भाजलेल्या मैद्याने) येतो, किंवा शेवटी घातलेल्या फिले पावडरीने, म्हणजे वर सांगितलेल्या सॅसाफ्रासच्या पुडीने.

खरी कसोटी या ‘रू’ची. मैदा आणि तेल मंद आचेवर ढवळत बसायचं. आधी पांढरं, मग शेंगदाण्याच्या रंगाचं, मग तांब्याच्या, आणि केजन घरात चॉकलेटच्या रंगापर्यंत. लाडवांसाठी बेसन भाजताना लागतो तोच धीर इथे लागतो: हात थांबला, की काळे ठिपके दिसतात, आणि ठिपके दिसले की सगळं फेकून पहिल्यापासून सुरुवात. नेमका रंग आला की चिरलेलं कांदा-सेलरी-ढोबळी एकदम आत टाकतात. चर्रर् आवाज होतो, रंग तिथेच थांबतो आणि घरभर वास सुटतो. चांगल्या गंबोत हा भाजका वास पहिल्या चमच्याला कळतो. नुसतं दाट, पिठूळ लागलं तर समजा घाई केली आहे.

डूकी चेसशिवाय लिल डिझीज कॅफे आणि रेसकोर्सजवळचं लिउझाज बाय द ट्रॅक ही दोन ठिकाणं गंबोसाठी ध्यानात ठेवा. स्वतः ढवळून बघायचं असेल तर सेंट लुइस स्ट्रीटवर न्यू ऑर्लिन्स स्कूल ऑफ कुकिंग आहे. तिथे शिकवतातही आणि जेवूही घालतात. पावसाच्या दिवशी उत्तम बेत.

पो-बॉय म्हणजे सँडविचच ना? त्यात काय विशेष?

पाव विशेष. बाहेरून पापुद्र्यासारखा कडक, आतून जवळजवळ पोकळ. हा पाव शहराबाहेर नीट जमत नाही, आणि लायडनहायमर ही १८९६ ची बेकरी बहुतेकांना तो पुरवते. १९२९ मध्ये स्ट्रीटकारच्या कामगारांनी संप केला. बेनी आणि क्लोव्हिस मार्टिन हे भाऊ आधी स्वतः स्ट्रीटकारवर काम केलेले; त्यांनी संपकऱ्यांना फुकट सँडविच द्यायला सुरुवात केली. पो-बॉयचा जन्म तेव्हाचा सांगतात.

मागवताना ‘ड्रेस्ड’ म्हणा, म्हणजे लेट्यूस, टोमॅटो, लोणच्याची काकडी आणि मेयो घालून मिळेल. तळलेली कोळंबी किंवा अर्धी कोळंबी-अर्धे ऑयस्टर घ्या. एक पूर्ण सँडविच दोघांना पुरतं. पार्कवे, अपटाउनमधलं डोमिलिझेज आणि क्वार्टरमधलं जॉनीज, तिन्ही चालतील. रांग छोटी दिसेल तिथे शिरा.

मफलेटा वेगळा, तो सिसिलियन लोकांचा. डेकेटर स्ट्रीटवरच्या सेंट्रल ग्रोसरीत तो मिळतो, १९०६ पासूनचं हे दुकान आहे. गोल तिळाचा पाव, मांसाचे काप, चीज आणि तेलात मुरलेली ऑलिव्हची कोशिंबीर. गार खायचा, गरम नाही. आणि जरा वेळ ठेवून, तेल पावात उतरल्यावर.

क्रॉफिश कधी मिळतात आणि खायचे कसे?

मोसम साधारण जानेवारीच्या अखेरीपासून जूनपर्यंत, ऐन भर मार्च ते मे. इतर वेळी मिळाले तर बहुधा गोठवलेले. भातखाचरातच त्यांची शेती होते: भात काढला की पाणी भरून क्रॉफिश वाढवतात.

उकडलेले क्रॉफिश पौंडावर मिळतात. टरफलच जास्त असल्यामुळे माणशी तीन-चार पौंड सहज लागतात. बरोबर बटाटे, मक्याची कणसं, लसणाचे गड्डे त्याच मसाल्याच्या पाण्यात उकडलेले. टेबलावर वर्तमानपत्र किंवा ट्रे. एका हातात डोकं, दुसऱ्यात शेपूट, पिळायचं, ओढायचं. डोक्यातला पिवळा रस चोखायचा. खेकड्याची नांगी चोखणाऱ्या आपल्या लोकांना हे शिकवावं लागत नाही. मग शेपटीचं पहिलं कडं सोलायचं आणि शेवटाला चिमटीत दाबायचं, मांस सुटून येतं. शिकायला पाच-सहा क्रॉफिश लागतात, त्यानंतर कुणी बोलत नाही. डोळ्यांना हात लावू नका. लहान मुलांचे तर अजिबात लावू देऊ नका.

सोलायचा कंटाळा असेल तर क्रॉफिश एटुफे मागवा: लोणी आणि कांद्याच्या दाट रश्श्यात सोललेल्या शेपट्या, खाली भात. माझ्या मते या सगळ्या खाद्यसंस्कृतीत मराठी माणसाला पहिल्या घासाला आवडणारा पदार्थ हाच.

ह्यूस्टनकरांनी एक लक्षात घ्यावं. व्हिएतनामी लोकांनी केलेला, उकडल्यावर लसूण-लोण्यात घोळवलेला क्रॉफिश तुमच्या बेलेअर बुलेवार्डवरच मिळतो. तो न्यू ऑर्लिन्सला येऊन शोधायची गरज नाही.

ऑयस्टर कच्चे खावेत का?

यकृताचा त्रास, मधुमेह किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल तर नको, विशेषतः उन्हाळ्यात. भाजलेले खा. लसूण-लोणी आणि चीज घालून थेट जाळावर भाजायची पद्धत ड्रॅगोजने १९९३ मध्ये काढली आणि आता सगळीकडे मिळते. शिंपल्यात उरलेलं लोणी पावाने पुसून घ्यायचं. मॅगझिन स्ट्रीटवरचं कासामेंतोज, १९१९ चं, आतून सगळं टाइल्सचं, छोटं आणि झकास. उन्हाळ्यात ते दरवर्षी बंद ठेवतात.

बार्बेक्यू श्रिंपमध्ये बार्बेक्यू कुठे आहे?

कुठेच नाही. सालासकट कोळंबी, लोणी, वूस्टरशर सॉस आणि भरमसाट काळी मिरी. पास्काल्स मनालेचा हा शोध. पाव जास्त मागवा.

आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

उपाशी नाही राहणार, पण खोटं कशाला सांगू, हे शाकाहारी शहर नव्हे. रेड बीन्समध्ये हॅम असतं, पालेभाज्यांत डुकराचं मांस असतं, गंबोचा स्टॉक चिकनचा नाहीतर कोळंबीच्या सालांचा असतो. गंबो झेर्बही नावालाच हिरवा; बहुतेक ठिकाणी त्यात सॉसेज आणि मांस असतं. ‘मांस नको’ म्हटलं तर वेटर सॉसेज काढून देईल आणि रस्सा तोच ठेवेल. म्हणून स्टॉक कशाचा, असं स्पष्ट विचारा.

बेन्ये कॅफे दु मोंदमध्ये सरकीच्या तेलात तळतात. तळलेले हिरवे टोमॅटो, माक शू नावाची मक्याची भाजी (बेकन घालतात का विचारा), भेंडीचे काप, ग्रिट्स (मक्याच्या रव्याची लापशी), प्रलीन (सुक्यामेव्याची साखरेची वडी), स्नोबॉल (बर्फाचा गोळा) यांवर दिवस निघतो. हॅन्सन्स स्नो-ब्लिझ, १९३९ चं, बर्फाचा गोळा इतका भुसभुशीत किसतं की मुलं तिथून हलत नाहीत. मोठ्या रेस्टॉरंटमध्ये आदल्या दिवशी फोन करून सांगितलं तर नीट शाकाहारी जेवण करून देतात. अचानक जाऊन मागितलं तर उकडलेल्या भाज्यांची ताटली येईल.

जैन मंडळींनी खोलीत खाकरे ठेवावेत.

बीफ किंवा पोर्क खात नसू तर?

पोर्क टाळणं अवघड, बीफ टाळणं सोपं. सीफूडवर राहा, पण सीफूड गंबोतही सॉसेज असू शकतं. तळलेल्या बटाट्याच्या पो-बॉयवर ओततात ती ग्रेव्ही बीफची असते. आंदुई, टासो, बूदां ही नावं दिसली की डुक्कर समजा. चॉरिस नावाचं तिखट सॉसेजही डुकराचंच. त्याचे पूर्वज इबेरियातले, म्हणजे गोव्याच्या चोरिसांचेही भाऊबंद. गोंयकारांनी जरूर चाखून बघावं.

कोळंबी गल्फची आहे का, हेही विचारा. आयात केलेली असेल तर रेस्टॉरंटने तसं मेन्यूवर लिहिलं पाहिजे, असा लुइझियानात कायदा आहे.

कॅफे दु मोंदच्या रांगेत उभं राहावं का?

सकाळी आठच्या आत किंवा रात्री उशिरा जा, रांग पुष्कळ कमी असते. नाहीतर सिटी पार्कमधली शाखा बघा: पदार्थ तेच, झाडांची सावली आणि मुलांना पळायला जागा. १८६२ पासूनचं हे ठिकाण. मेन्यू जवळजवळ एवढाच, तीन बेन्ये आणि चिकरीची कॉफी निम्म्या दुधात. चौकोनी बेन्येवर पिठीसाखरेचा डोंगर असतो. खाताना श्वास रोखा, काळे कपडे घालू नका आणि शेजाऱ्याला हसवू नका.

केजन मुलखात एक दिवस जाणं जमेल का?

जमवाच. सगळ्या पानावरचा हा माझा सर्वांत आग्रहाचा सल्ला. लाफियेट न्यू ऑर्लिन्सपासून सुमारे १३५ मैलांवर, आय-१० महामार्गाने सव्वादोन तास. ह्यूस्टनहून गाडीने येणाऱ्यांच्या तर ते वाटेवरच आहे: एकूण साडेतीनशे मैलांपैकी निम्म्याहून जास्त अंतर कापलं की लाफियेट. बहुतेक लोक इथे फक्त पेट्रोल भरतात, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

ह्यूस्टनकडून येताना लाफियेटच्या अलीकडे स्कॉट नावाचं गाव लागतं. तिथे बूदां घ्या. भात, डुकराचं मांस, थोडी काळीज-कलेजी आणि कांद्याची पात आतड्यात भरून वाफवलेलं. बिलीज किंवा द बेस्ट स्टॉपमध्ये काउंटरवर कागदात गुंडाळून देतात आणि लोक ते पार्किंगमध्येच, गाडीच्या बॉनेटला टेकून खातात. साल चावत बसायचं नाही. एक टोक दातात धरून आतलं तोंडात पिळून घ्यायचं. सोबत क्रॅकलिनची पिशवी घेतलीत तर कागद गाडीत पोचायच्या आत तुपकट होतो.

लाफियेटच्या पलीकडे, न्यू ऑर्लिन्सच्या बाजूला, ब्रो ब्रिज, क्रॉफिशची राजधानी म्हणवून घेणारं गाव. शनिवारी सकाळी बक अँड जॉनीजमध्ये नाश्त्याबरोबर झायडेको (तिथलं नाचाचं संगीत) वाजतं: अकॉर्डियन, छातीवर घालायचा पत्र्याचा फ्रोत्वार, आणि सत्तरीतली जोडपी सकाळी नऊला नाचत असतात. कुणी हात पुढे केला तर नाही म्हणू नका.

वेळ उरला तर दक्षिणेला एव्हरी आयलंड. मिठाच्या भल्यामोठ्या घुमटावर उभी असलेली ही टेकडी, आणि टबॅस्को १८६८ पासून इथलाच. मिरचीचा लगदा ओकच्या पिंपांत भरतात, झाकणावर मिठाचा थर देतात आणि तीन वर्षांपर्यंत मुरू देतात. गोदामात शिरलात की नाक झिणझिणतं.

कधी जावं?

मार्च-एप्रिल. हवा बरी, क्रॉफिश भरात, एप्रिलमध्ये फ्रेंच क्वार्टर फेस्टिव्हल फुकट आणि त्यानंतर जॅझ फेस्ट. जॅझ फेस्टला गाण्याइतकेच लोक खायला जातात. मार्डी ग्राच्या आठवड्यात खाण्यासाठी म्हणून जाऊ नका. रस्ते बंद, टेबलं भरलेली, दर दुप्पट. मात्र ६ जानेवारीपासून मार्डी ग्रापर्यंत किंग केक (या मोसमाचा खास केक) मिळतो, तेवढ्यासाठी थंडीत जायला हरकत नाही. न्यू ऑर्लिन्स ईस्टमधल्या डोंग फुआंग या व्हिएतनामी बेकरीचा किंग केक घ्या, गोड कमी असतो.

ऑगस्टमध्ये उकाडा असह्य, पण बऱ्याच मोठ्या रेस्टॉरंटमध्ये ‘कूलिनरी’च्या नावाखाली कमी दरात ठरावीक जेवण मिळतं. तो वादळांचाही मोसम असतो. रद्द करता येईल असंच बुकिंग करा.

खर्च किती येतो?

पो-बॉय किंवा रेड बीन्सवर दिवस स्वस्तात निघतो. मोठ्या रेस्टॉरंटमधलं रात्रीचं जेवण माणशी शंभर डॉलर सहज ओलांडतं. मेन्यूवरच्या भावात दहा टक्क्यांच्या आसपास कर आणि अठरा ते वीस टक्के टिप धरा. मोठा ग्रुप असेल तर टिप बिलातच लावतात, दोनदा देऊ नका.

देशी चव आठवली तर?

मॅगझिन स्ट्रीटवर सॅफ्रन नोला. तिथे आपले मसाले घातलेला सीफूड गंबो मिळतो, आणि तो गंमत म्हणून केलेला वाटत नाही. त्याच रस्त्यावर डाकार नोला: सेनेगलचं जेवण, ठरावीक मेन्यू, २०२४ मध्ये जेम्स बिअर्डचा सर्वोत्तम नव्या रेस्टॉरंटचा पुरस्कार. क्रिओल जेवणाचं आफ्रिकेतलं मूळ तिथे ताटात दिसतं. बजेट एकाच महागड्या रात्रीचं असेल तर मी अँत्वान्सऐवजी इथे खर्च करेन.

घरी काय न्यावं?

फिले पावडर, कॅमेलियाच्या रेड बीन्स, चिकरीची कॉफी, टोनी शॅशरीचा मसाला. क्वार्टरमधल्या भेटवस्तूंच्या दुकानांत हेच दुपटीने मिळतं. राउझेस या तिथल्या किराणा साखळीत घ्या. तयार ‘रू’ची बरणीही मिळते, पण ती विमानात हातातल्या बॅगेत चालत नाही. मांसाचे पदार्थ भारतात नेऊ नका, कस्टम्सवाले काढून घेतात. गाडीने टेक्सासला परतणाऱ्यांनी आइस चेस्ट बरोबर ठेवावी आणि स्कॉटला थांबून गोठवलेलं बूदां भरून घ्यावं. दुकानात व्हॅक्युम पॅक करून देतात आणि बर्फही तिथेच मिळतो.